आकडा न सांगणारी टेप

व्यवसायाबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हटलं की व्यवसाय माझ्या बहिणीचा होता, मी तिच्या हाताखाली होते. त्या म्हणाल्या, मग हाताखालून जे दिसलं ते लिहा. माझी बहीण, आमची अक्का, गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून दुकान बंद आहे. मी अधूनमधून जाते, झाडून घेते, शिवणयंत्रावरचं कापड झटकते, थोडं वाचत बसते आणि परत येते. हे लिखाणही तसंच झालं आहे. एक परिच्छेद लिहायचा, उठायचं, पुन्हा काही दिवसांनी बसायचं.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत, खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याच्या अलीकडे, आमचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. फक्त ब्लाऊज. अक्का कापायची आणि शिवायची. मी मापं लिहून घ्यायचे, हातशिलाई करायचे, हुकं लावायचे आणि गिऱ्हाईक नसलं की वाचायचे. माझं मराठी घेऊन एम.ए. झालेलं. पुस्तकात खूण म्हणून हाताशी असेल ती चिंधी घालायची सवय होती. आज जुनं पुस्तक उघडलं की मोरपंखी किंवा डाळिंबी तुकडा निघतो आणि ते पान वाचताना कोणाचं काम चालू होतं ते आठवतं.

साडी कोणालाही होते, ब्लाऊज मात्र एकीचाच असतो. दोन्ही खांदे अगदी सारखे असलेली बाई आम्ही कधी पाहिली नाही. कोणाचा पर्सने, कोणाचा मूल कडेवर घेऊन घेऊन, एक खांदा खाली आलेलाच असतो. शिवणारीने तो ओळखायचा, काही बोलायचं नाही आणि कापडात सांभाळून घ्यायचा. हे न बोलणं अक्काने फार पुढे नेलं होतं. माप घेताना ती आकडा तोंडातून काढत नसे. टेप अंगाभोवती घ्यायची, जिथे जुळेल तिथे अंगठ्याचं नख टेकवायची आणि मी वाकून आकडा वाचून लिहायचे. दुकान एवढंसं, बाकावर आणखी दोघी बसलेल्या. अक्काचं म्हणणं, कोणाच्या अंगाची जाहिरात चारचौघींत कशाला. गंमत म्हणजे, कोणी विचारायचंही नाही. आपलं माप किती आहे हे माहीत नसलेल्या बायका सुखाने ब्लाऊज घालून हिंडत होत्या.

त्यात काही जणी माप द्यायलाच नकार देत. त्या आपला नीट बसणारा एखादा जुना ब्लाऊज आणून ठेवत आणि म्हणत, यावर शिवा. याला मापाचा ब्लाऊज म्हणतात. आमच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, बापटबाई. त्यांचा मापाचा ब्लाऊज इतका जुना होता की धुऊन धुऊन त्याचा मूळ रंग कोणता यावर आम्हा बहिणींत वाद होता. बाईंचं अंग दर वर्षी थोडं पुढे जात होतं, ब्लाऊज होता तिथेच होता. बाई तो टेबलावर ठेवायच्या, अक्का तो आदराने बाजूला ठेवायची, बाई पायरी उतरत असताना त्यांना एकदा पाठमोऱ्या बघून घ्यायची आणि त्या नजरेच्या मापाने कापायची.

नवीन ब्लाऊज घालून पाहिला की बाई म्हणायच्या, "बघा. लग्नापासून माझं माप बदललेलं नाही."

"तुमचं कापड चांगलं असतं," अक्का म्हणायची.

एकदा मी विचारलं, बाईंना खरंच कळत नसेल का गं?

"कळतं की, सुमे. त्यांना कळतं हे मलाही कळतं. म्हणून तर त्या दुसरीकडे जात नाहीत."

हे सगळं बदललं ते कसं, याचं मला अजून कुतूहल आहे. नव्वदचं दशक उलटून गेल्यावर आमच्या रस्त्यावर नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि सकाळी हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बस थांबू लागल्या. त्या बसमधल्या मुली रोज जीन्स घालायच्या. वर्षातून एकदा कंपनीत पारंपरिक वेशाचा दिवस असला की आईची साडी घेऊन पळत यायच्या. त्यांना सगळं दोन दिवसांत हवं असायचं, पण त्या फार गोड बोलायच्या आणि पैशांची घासाघीस करायच्या नाहीत, म्हणून अक्काला त्या आवडायच्या. आमच्याकडे समोर एकच आरसा होता. या मुलींनी मागेही एक हवा म्हणून धोशा लावला, तेव्हा अक्काने तो बसवला. पण मागचा आरसा फार थोडे दिवस उपयोगी पडला, कारण तोवर फोनमध्ये कॅमेरा आला.

तोपर्यंत स्वतःची पाठ नीट पाहिलेली बाई मला भेटली नव्हती. ब्लाऊजची पाठ ही दुसऱ्यांनी बघायची गोष्ट होती. पहिल्यांदा ज्या मुलीने मैत्रिणीकडून आमच्या दुकानात पाठीचा फोटो काढून घेतला, ती तो फोटो बराच वेळ बघत राहिली. गळ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"ही मी आहे? ही काखेजवळची वळी कुठून आली?"

"वळी कधीचीच तिथे आहे," अक्का म्हणाली. "तुमची ओळख आज झाली."

मुली हसल्या. पण त्या मुलीने नंतर जेव्हा जेव्हा ब्लाऊज शिवायला टाकला, तेव्हा पाठ झाकायला सांगितली.

चित्रं दाखवून शिवून घेणं जुनंच आहे. पूर्वी बायका मासिकातलं नटीचं कात्रण आणून म्हणायच्या, असा गळा करा. आता मुली फोन पुढे करून म्हणू लागल्या, असं दिसायला हवं. या दोन वाक्यांतला फरक माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. शिवाय फोनमधली बाई नटी नसायची. ती नाशिकची बँकेत नोकरी करणारी कोणीतरी असायची, नाहीतर कोणाच्या मैत्रिणीची वहिनी. नटीशी कोणी आपली बरोबरी करत नाही. ही आपल्यासारखीच, मग हिला जमलं ते मला का नाही, असा तो प्रश्न होता. तो घेऊन मुली आमच्या आरशासमोर उभ्या राहायच्या आणि आमच्याकडे त्याचं उत्तर म्हणून फक्त कात्री होती.

प्रज्ञा अशीच आली. ती सॉफ्टवेअरमध्ये होती. तिची आई वनिताबाई भंडाऱ्याकडच्या, नोकरीनिमित्त पुण्यात आलेल्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्याही बौद्ध, आम्हीही बौद्ध. आमच्याकडे लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. प्रज्ञाच्या लग्नाला अजून काही महिने होते आणि दोघी पांढरं कापड घेऊन आल्या होत्या.

प्रज्ञाने फोन पुढे धरला. पांढऱ्या साडीतली एक नवरी, पाठमोरी, मान वळवून हसणारी. पाठ पाटीसारखी सपाट.

"मावशी, असं हवंय."

अक्काने फोन लांब धरून पाहिला. "गळा असा होईल. पाठ तुझीच राहील."

"तोच तर प्रॉब्लेम आहे. पांढऱ्यात मी डबल दिसते. सगळ्या सांगतात, व्हाइट फुगवतं."

"सगळ्या म्हणजे कोण?"

प्रज्ञाने फोन हलवून दाखवला. त्यातल्या.

"माझ्या लग्नात मीही पांढरीच नेसली होती न," वनिताबाई म्हणाल्या. "कोणी मोजाले नाही आलं मले."

"आई, तुझ्या लग्नाचा एक फोटो आहे आणि त्यात तुझे डोळे मिटलेत."

अक्काने माप घेतलं, नख टेकवलं, मी वाचून लिहिलं. प्रज्ञाने विचारलं, "किती आलं?"

"आम्ही आकडा सांगत नाही."

"का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न अक्काला कोणी विचारला नव्हता. ती माझ्याकडे बघू लागली.

"माझंच अंग आहे ना मावशी? मग माझ्यापासूनच काय लपवायचं?"

मला ते पटलं. मी मान हलवली. अक्काने आकडा सांगितला आणि प्रज्ञाने तो फोनमध्ये टिपून घेतला. मग म्हणाली, इतक्यात कापू नका, मी कमी होणार आहे. अधूनमधून येऊन माप देईन, शेवटच्या मापावर शिवा. घरी टेप आहे, पण स्वतः मोजलेल्यावर विश्वास बसत नाही. तुमच्या हातचंच माप खरं.

ती येत राहिली. माप झालं की आमचीच टेप गळ्यात अडकवून आरशात फोटो काढायची आणि तिथल्या तिथे तो लोकांसाठी टाकायची. कंबर किती, किती उतरली, सगळं त्याखाली लिहायची. जी गोष्ट अक्का बाकावरच्या दोघींना कळू देत नव्हती, ती आता शेकडो लोकांना कळत होती आणि ते शाबासकी देत होते. एका अनोळखी बाईने लिहिलं होतं, थांबू नकोस. प्रज्ञाने ते आम्हाला कौतुकाने वाचून दाखवलं. तिच्या गळ्याखालची हाडं तोवर दिसायला लागली होती. डब्यात काकडी असते म्हणाली. तिचं ओढणी सावरणं, बोलणं, सगळं हळू झालं होतं.

पुढच्या खेपेला टेप तिथल्या तिथेच राहिली. मी वाकून वाचलं, मागच्या वेळचाच आकडा. प्रज्ञा टेपकडे बघत नव्हती, अक्काच्या तोंडाकडे बघत होती. अक्काने टेप सोडली आणि म्हणाली, "दीड इंच उतरलं."

मी वहीत खरा आकडा लिहिला. प्रज्ञाने फोटो काढला, लिहिलं, आणि नाचल्यासारखी पायरी उतरून गेली.

"अगं, काहीच उतरलं नव्हतं," मी म्हटलं.

"माहीत आहे. समाधान झालं की जेवेल. बापटबाई नाही का, माप तेच आहे म्हटलं की समोसा मागवायच्या."

अक्काने खोटं बोलणं हा आमच्या धंद्यातला जुना उपचार होता आणि तो दर वेळी लागू पडत आला होता. त्यामुळे आम्ही दोघीही निर्धास्त होतो.

थोड्या दिवसांनी वनिताबाई एकट्याच आल्या. बसल्या नाहीत. "बाई, तुम्ही पोरीले काय सांगितलं?"

"काय झालं?"

"हापिसात चक्कर येऊन पडली. जेवतच नाही न ती. म्हणते, मावशीनं मोजलं, दीड इंच गेलं, म्हणजे जमते. आता रातचंही बंद केलं. मी रागावली तर म्हणते, मावशीले विचार."

अक्काने कात्री खाली ठेवली. त्या दिवशी तिने पुन्हा हातात घेतली नाही.

तिने निरोप पाठवून प्रज्ञाला बोलावलं आणि बाकावर बसवून सरळ सांगितलं की त्या दिवशी काहीच उतरलं नव्हतं, मी खोटं बोलले. मला वाटलं होतं प्रज्ञा चिडेल किंवा रडेल. तिने आधी हिशेब केला.

"म्हणजे कमी झालंच नव्हतं?"

"नव्हतं. आणि टेपचं काय, जरा सैल धरली की एक, आवळली की दुसरंच."

"मावशी, मी इंजिनिअर आहे. मोजण्यातली चूक आम्हालाही शिकवतात." मग म्हणाली, "तुम्ही असं का केलंत?"

"तू जेवावंस म्हणून."

"कमी झालं असं कळल्यावर कोण जेवतं?" तिला खरंच आश्चर्य वाटत होतं. "जमतंय म्हटल्यावर तर अजून करायचं ना."

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बापटबाईंना हवं होतं ते त्यांना मिळालं की गोष्ट तिथे संपत असे. समोसा मागवायचा, खायचा, घरी जायचं. प्रज्ञाला मिळालं ते संपतच नव्हतं. तिचा आकडा तिच्या घरी जात नव्हता, तो लोकांत जात होता, आणि लोक उद्या पुन्हा विचारणार होते. अक्काचा उपचार चुकीचा नव्हता, पण तो ज्या दुखण्यासाठी होता ते दुखणंच आता राहिलं नव्हतं. हे प्रज्ञाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या दिवशी जाताना ती एवढंच म्हणाली की बाकीचे सगळे छानच म्हणतात, मला वाटलं तुम्ही तरी खरं सांगाल.

ब्लाऊज अक्कानेच शिवला, प्रज्ञाचं तेव्हा होतं त्या मापावर. पांढऱ्या कापडावर एकही डाग न पडू देता शिवणं कठीण असतं. अक्का दर थोड्या वेळाने हात धुऊन यायची. लग्नाला आम्ही दोघी गेलो. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. पांढऱ्या साडीत प्रज्ञा सुंदर दिसत होती आणि हडकुळीही दिसत होती. पंगतीत नवऱ्याने तिला फोटोसाठी घास भरवला. मी समोरच होते. फोटो निघाल्यावर बराच वेळ तो घास तिच्या एका गालात तसाच होता.

नंतर लग्नाचे फोटो तिने फोनवर टाकले, ते वनिताबाईंनी आम्हाला दाखवले. अक्काने चष्मा पुसला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

"ही बाही माझी नाही."

"तुमचीच आहे की. तुम्हीच शिवली न."

"मी शिवण सरळ घालते. ही आत वाकली आहे. आणि हे बघा, मागचा खांबही वाकलाय."

दंड बारीक दिसावेत म्हणून कोणीतरी फोटो फोनमध्येच आत दाबून घेतला होता. त्याबरोबर अक्काची शिवण आणि मांडवाचा खांब, दोन्ही वाकले होते. खांबाचं अक्काला काही वाटलं नाही. शिवणीचं मात्र फार वाटलं. ती कितीतरी दिवस म्हणायची, बघणाऱ्यांना वाटेल अक्काला सरळ शिवता येत नाही.

आम्हाला वाटलं होतं, लग्न झालं की हे थांबेल. थांबलं नाही. वनिताबाई सांगत, सासरी प्रेमाची माणसं आहेत, जावई समजूतदार आहेत, पण पोरगी ताटात चिवडत बसते. मी विचारलं, आता कोणासारखं व्हायचं आहे तिला? त्या म्हणाल्या, "आता दुसऱ्या कोणासारखं नाही जी. आपल्याच लग्नाच्या फोटोसारखं."

मी इतकी पुस्तकं वाचली, पण माणसाला स्वतःच्याच न झालेल्या रूपाचा हेवा वाटतो हे मी कुठे वाचलं नव्हतं.

मग अक्का आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं. अन्न जाईना. काही महिन्यांत ती इतकी उतरली की तिचे ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागले. मी घरीच बसून ते उसवून आत घ्यायचे. पुन्हा सैल झाले की पुन्हा घ्यायचे. अक्का पडल्या पडल्या माझी शिवण बघायची.

"बरी शिवतेस की. आधी कळलं असतं तर मी वाचत बसले असते."

एका रविवारी दुपारी प्रज्ञा भेटायला आली. बऱ्याच दिवसांनी येत होती. आईने दिलेला डबा घेऊन आत आली, अक्काला पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, काय बारीक झालात तुम्ही."

शब्दांत काही वावगं नव्हतं. आजाऱ्याला आपण असंच म्हणतो. पण तिचा सूर वेगळा होता. ऑफिसात एखादी सुट्टीहून परत आली की मैत्रिणी ज्या सुरात म्हणत असतील, तो सूर. त्यात कौतुक होतं. तो आम्हा तिघींनाही ऐकू आला. प्रज्ञाचा चेहरा उतरला. ती दारातच थांबली.

अक्का हसली. हसलं की तिच्या पोटात दुखायचं, तरी हसली. "झाले ना? काढ फोटो आणि टाक. खाली लिही, डाएट विचारू नका."

प्रज्ञा हसली नाही. येऊन पलंगाच्या कडेवर बसली. अक्काच्या पायावरची चादर सारखी करत राहिली.

अक्काच्या जेवणाची वेळ झाली होती. मी ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा असं ताट घेऊन आले. तिला जायचं नाही, पण रोज ताट मांडून आणायचं असा तिचा हट्ट होता. तिने ताटाकडे पाहिलं, मान हलवली.

"मला नाही जात. वास चांगला येतोय. तू खा गं प्रज्ञा, मी बघते."

"मी जेवून आलेय मावशी."

"ते आईला सांग."

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी ताट तिच्यापुढे केलं. तिने ताट मांडीवर घेतलं आणि भाकरीचा अगदी लहान तुकडा मोडला.

"एवढ्याने काय कळणार मला? नीट मोड."

तिने मोठा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. अक्का बघत होती. सुईखालून कापड सरकताना ती जशी बघायची तशी, पापणी न हलवता.

"मिरची लागली?"

"लागली."

"लगेच पाणी नको. कांदा खा. लसूण आलाय का तोंडात? सुमी लसूण जास्त घालते."

"आलाय."

"चावून खा. मग सांग कसा आहे."

प्रज्ञा सांगत होती आणि खात होती. मधे एकदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं आणि पुढचा घास घेतला. अक्काचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. भाकरी संपली. ताटात थोडं पिठलं उरलं होतं, ते तिने बोटाने पुसून घेतलं. मी बसूनच होते. आणखी वाढू का हे विचारावं की न विचारावं, मला ठरवता येईना.

"सुमे, तिला वाढ," अक्का म्हणाली.

मी भाकरी घेऊन आले. प्रज्ञाने ताटावर हात आडवा धरला. थोडा वेळ तो हात तसाच राहिला. मग तिने तो काढून घेतला.